वडील कपाशीवर फवारणी करतात. अंगात किती औषध गेलं, हे रक्त तपासून कळतं का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: वडिलांच्या अंगात किती औषध गेलं ते रक्त-लघवीतून कळेल का, आणि केसांवरून 'सगळी विषं' शोधून देणारं ऑनलाइन पॅकेज घ्यावं का. मी विदर्भातल्या एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं काम करते. पॅकेजवर पैसे घालवू नका. केसांत पारा चांगला सापडतो, पण फवारणीच्या औषधांचा माग त्यातून काढणं तुमच्या उपयोगाचं नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. ती रक्तात फार टिकत नाहीत. शरीर त्यांचे तुकडे करतं आणि ते थोड्या दिवसांत लघवीवाटे निघून जातात. हे तुकडे मोजता येतात, पण त्यासाठी लागणारी यंत्रं मोठ्या संशोधन संस्थांत असतात, तालुक्याच्या लॅबमध्ये नाही. म्हणून आपण औषध मोजण्याऐवजी त्याने शरीरात काय केलं ते मोजतो. नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ही औषधं बंद पाडतात. ते किती उरलंय, हे साध्या रक्ततपासणीत कळतं.

खरी गोम पुढे आहे. या एन्झाइमची पातळी माणसागणिक खूप वेगळी असते. समजा रिपोर्टवर नॉर्मल म्हणून ५,००० ते १२,००० छापलंय. वडिलांची एरवीची पातळी ११,००० असेल आणि सप्टेंबरात ती ६,००० आली, तर रिपोर्टवर 'नॉर्मल' येईल. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मं एन्झाइम गेलेलं असेल! कॅलिफोर्नियात अशी औषधं हाताळणाऱ्या कामगारांची तपासणी १९७४ पासून कायद्याने होते. तिथे हंगामाआधीची पातळी आधी नोंदवतात. प्लाझ्मातलं, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातलं एन्झाइम तिच्या ६० टक्क्यांवर किंवा तांबड्या पेशींतलं ७० टक्क्यांवर घसरलं, की त्या माणसाला फवारणीवरून काढतात आणि ८० टक्क्यांपर्यंत भरून आल्यावरच परत घेतात. आपल्याकडे फवारणी करणाऱ्या मजुराची अशी नोंद कुणी ठेवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा थेट तोंडावर येत होता, आणि वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले.

तर एवढं करा. निदान महिनाभर फवारणी झालेली नसताना, म्हणजे साधारण मे महिन्यात, वडिलांचं सिरम कोलिनेस्टरेज (रक्ताच्या पातळ भागातल्या या एन्झाइमची तपासणी) करून रिपोर्ट जपून ठेवा. हंगामात फवारणी जोरात असताना त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि आकडे जुळत नाहीत. रक्त द्यायला जाताना हात साबणाने स्वच्छ धुऊन जावं, कातडीवरचं औषध सॅम्पलमध्ये उतरू शकतं. शुगरसाठी वापरतात त्या राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये हे रक्त घेऊ देऊ नका. तिच्यातलं फ्लोराइड हेच एन्झाइम दाबतं. लिव्हरच्या आजारातही पातळी कमी येते, तेव्हा तसं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

ही तपासणी सगळ्या औषधांना लागू नाही. सायपरमेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड गटातलं औषध किंवा डायफेन्थियुरॉन मारलं असेल, तर कोलिनेस्टरेज ठीक येईल आणि माणूस तरीही आजारी असू शकेल. म्हणून प्रत्येक फवारणीची तारीख आणि डब्याच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आमच्याकडे 'फवारणीचं औषध' एवढंच लिहून सॅम्पल येतं तेव्हा नेमकं काय शोधायचं तेच कळत नाही.

आणि वडिलांना दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, उलट्या किंवा धाप असं काही दिसलं, तर लॅबकडे येऊच नका. कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. अॅट्रोपिन हे या विषबाधेवरचं औषध लक्षणं पाहूनच सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.