प्रमाणीकरणात अधिकार कोंबू नका

प्रश्न असा: नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याविषयीच्या मजकुरात ‘ऑथेंटिकेशन’ आणि ‘ऑथोरायझेशन’ दोन्हींना ‘प्रमाणीकरण’ म्हटलं तर चालेल का?

अजिबात नाही. हा घोळ ऐकून कान किटलेत. एनटीपी ही नेटवर्कवरून सर्व्हरला वेळ विचारण्याची पद्धत. तिच्यात सर्व्हरच्या उत्तराला गुप्त किल्लीचा क्रमांक आणि त्या किल्लीने काढलेला पडताळा जोडता येतो. पडताळा जुळला की उत्तर किल्लीवाल्याचंच आणि वाटेत न बदललेलं. हे प्रमाणीकरण, म्हणजे ऑथेंटिकेशन. त्याच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘रिस्ट्रिक्ट’च्या ओळीत ‘नोमॉडिफाय’ लिहितात: वेळ खुशाल विचारा, सेटिंगला हात लावू नका. हा अधिकाराचा प्रश्न, म्हणजे ऑथोरायझेशन. पीटीपी या घड्याळं अधिक काटेकोर जुळवण्याच्या पद्धतीत घड्याळं आपापला दर्जा जाहीर करतात आणि सरस ठरेल ते मुख्य होतं. रीतसर किल्ली असलेल्या एखाद्या साध्या उपकरणाने खोटाच वरचा दर्जा सांगितला, तर बाकीची घड्याळं त्याच्यामागे जातात. ओळख खरी, पण मुख्य होण्याची मुभा त्याला दिली कोणी?

इंग्रजी शब्दांतलं ‘ऑथ’ फसवं आहे. पहिला ग्रीकमधला, त्यात ‘स्वतः’ हा अर्थ आहे. दुसरा लॅटिन ‘ऑगेरे’मधून, म्हणजे वाढवणे, आणि त्याचं नातं थेट आपल्या ‘ओजस्’शी! पण खरी गंमत ‘प्रमाण’मध्ये आहे. प्र अधिक मा, मा म्हणजे मोजणे. मात्रा, परिमाण, प्रमाणवेळ सगळी याच घरातली. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी चार प्रमाणं. आपल्या संगणकाला दूरचं घड्याळ प्रत्यक्ष दिसत नाही, तो सर्व्हरच्या सांगण्यावर विसंबतो. म्हणजे हे शब्दप्रमाण, आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, भरवशाच्या माणसाचा. बोलणारा तोच आप्त आहे का, एवढंच ऑथेंटिकेशन पाहतं. म्हणून भरवशाच्या सर्व्हरला मी ‘आप्त घड्याळ’ म्हणतो आणि हा शब्द रुळावा असं मला मनापासून वाटतं.

काही परिभाषाकार ऑथेंटिकेशनला ‘अधिप्रमाणन’ सुचवतात. ते मला मुळीच मान्य नाही. ‘अधि’ने अर्थात काडीची भर पडत नाही, उलट कानाला अधिकाराचा भास होतो, म्हणजे टाळायचा तोच गोंधळ. ऑथोरायझेशनला ‘प्राधिकरण’ म्हणणंही चूक, त्या शब्दाने मराठी वाचकाला संस्था आठवते. ‘अधिकारदान’ लिहा.

आणि पडताळा जुळला म्हणून वेळ बरोबर, असंही लिहू नका. उत्तराचं पाकीट (पॅकेट) वाटेत अडवून उशिरा सोडलं तरी पडताळा जुळतोच. आप्ताचा शब्द खरा असतो, फक्त शिळा होऊन पोचतो.