एमआरआयमध्ये डाग दिसले, मग पाठीतलं पाणी कशाला काढायचं?

प्रश्न: माझी बहीण २८ वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वी तिला उजव्या डोळ्याने अचानक अंधुक दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. स्टेरॉइडची सलाइन दिल्यावर बराच फरक पडला. मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे डाग आहेत, रिपोर्टमध्ये एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) असू शकतो असं लिहिलंय. आता डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायला सांगतायत. त्याने पाय जातात म्हणून आई नकोच म्हणते. डाग दिसतायत तर पाणी कशाला?
— एक भाऊ, सांगली

उत्तर: आधी आईंना सांगा, सुई कमरेच्या खालच्या मणक्यांत घालतात आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे पाय जातील ही भीती मनातून काढून टाका. नंतर काहींचं दोन-चार दिवस डोकं दुखतं, बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगा.

आता डागांचं. पांढरे डाग मायग्रेनमध्ये असतात, बीपीवाल्यांना असतात, वयानेही येतात, म्हणून नुसते डाग म्हणजे एमएस नव्हे, ते कुठे आहेत ते बघायचं असतं. एमएसचे डाग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून, मेंदूच्या वरच्या थरालगत, ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) आणि लहान मेंदूत किंवा मज्जारज्जूत सापडतात, आणि एमएसच्या निदानासाठी वापरतात त्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४च्या सुधारित आवृत्तीत डोळ्याची नसही या जागांमध्ये धरलीय. चांगल्या मशीनवर बऱ्याच डागांच्या मधोमध बारीक शीर दिसली तर कौल एमएसकडे झुकतो.

पाण्यात बघतात ते ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे अँटिबॉडीच्या अशा पट्ट्या ज्या पाण्यात दिसतात पण रक्तात दिसत नाहीत, म्हणून रक्त त्याच वेळी द्यावं लागतं. पूर्वी निदानासाठी बऱ्याचदा दुसऱ्या अटॅकची नाहीतर नव्या डागाची वाट बघत बसायला लागायचं, २०१७पासून डागांच्या जागा जुळल्या आणि बँड सापडले तर पहिल्याच अटॅकनंतर निदान करता येतं. तेवढे महिने वाचतात, औषध लवकर सुरू होतं, म्हणून मी तरी ही टेस्ट टाळू नका म्हणेन.

माझा सगळ्यात जास्त आग्रह मात्र रक्ताच्या एक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडीच्या तपासणीसाठी आहे, शक्यतो सेल-बेस्ड (पेशी वापरून करायच्या) पद्धतीने. एमएससारखे दिसणारे दुसरे आजार त्यातून ओळखता येतात. त्यातला एनएमओ नावाचा आजारही असाच डोळ्यापासून सुरू होऊ शकतो, पण एमएसची इंटरफेरॉन, फिंगोलिमॉडसारखी औषधं दिली तर तो उलट भडकू शकतो. त्यामुळे कायमचं औषध सुरू करायच्या आधी हा रिपोर्ट हातात आहे का ते डॉक्टरांना नक्की विचारा. व्हिटॅमिन बी-१२ची रक्ततपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

आणि एमआरआयची सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, पुढच्या वेळी नवा डाग आलाय का ते जुन्या फोटोंशी ताडूनच कळतं. मध्येच पुन्हा अंधुक दिसलं, पाय जड झाले किंवा लघवी अडकली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच घेऊन जा.