भाडे नाकारायचे आणि मग थकबाकीची नोटीस पाठवायची

प्रश्न : वडिलांपासून आम्ही भाडेकरू आहोत, भाडे दरमहा 900 रुपये. नव्या मालकांनी भाडे घेणे बंद केले आणि आता 17 महिन्यांची थकबाकी 4 टक्के वाढीसह मागणारी वकिलाची नोटीस पाठवली आहे. नळ तोडण्याची धमकीही ते देत आहेत. गळक्या छपरासाठी मी केलेला 9,000 रुपयांचा खर्च वजा करता येईल का?

उत्तर : आपले शहर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या परिशिष्टात आहे आणि आपण लिव्ह अँड लायसन्सवर नव्हे, तर भाडेकरू म्हणून राहता, असे गृहीत धरून हे लिहीत आहे. कलम 15 नुसार लेखी मागणीची नोटीस भाडेकरूस मिळाल्यापासून 90 दिवस उलटल्याखेरीज मालकास थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. ही मुदत नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नव्हे, तर ती आपल्या हाती पडल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून नोटिशीचे पाकीट फेकू नये.

मालक घेत नाहीत म्हणून भाडे आपोआप माफ होत नाही, आणि नेमक्या याच गैरसमजावर असे दावे उभे राहतात. वाढीसह महिना 936 रुपये धरल्यास 17 महिन्यांचे 15,912 रुपये होतात. ही रक्कम मुदतीच्या आत, आपले आक्षेप व हक्क राखून देत असल्याचे पत्र सोबत जोडून, धनादेशाने स्पीड पोस्टाने पाठवावी. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आले, तर ते न फोडता तसेच जपावे. आपण भाडे देण्यास तयार होता याचा तो उत्तम पुरावा ठरतो. दर महिन्याचे पुढील भाडेही याच रीतीने पाठवत राहावे. वर्षाला 4 टक्के वाढ कलम 11 मालकास देतेच, तेव्हा महिना 36 रुपयांसाठी घर पणाला लावण्यात शहाणपण नाही.

छपराचा खर्च मात्र सरसकट वजा करू नये. कलम 14 नुसार दुरुस्तीसाठी आधी मालकास किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तरीही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होत नाही. महिना 900 रुपये भाडे धरल्यास आपल्या बाबतीत ती 2,700 रुपये. आपल्या पत्रात अशा नोटिशीचा उल्लेख नाही. ती दिली नसेल, तर सध्या पूर्ण भाडे द्यावे आणि खर्चाचा मुद्दा पावत्यांसह लेखी उत्तरात नोंदवून ठेवावा.

एवढे करूनही दावा दाखल झालाच, तर समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत सर्व थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरल्यास त्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. मात्र दावा निकाली निघेपर्यंत प्रत्येक महिन्याचे भाडे न्यायालयात नियमित भरावे लागते, आणि बहुतेक भाडेकरू चुकतात ते इथेच. पहिल्या भरण्याच्या वेळी जागरूक असलेला माणूस वर्षभराने ढिला पडतो.

नळ तोडण्याची धमकी मालकांनी प्रत्यक्षात आणली, तर कलम 29 खाली न्यायालयाकडे स्वतंत्र अर्ज करता येतो. त्यासाठी भाडे अडवून ठेवण्याची गरज नाही.