‘होमिंग’ला मराठीत काय म्हणावं?

हिंगणघाटजवळच्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलं आहे : मुलगी नर्सिंगला आहे. तिच्या वहीत ‘केमोकाइनमुळे पांढऱ्या पेशींचे श्लेष्मल ऊतकांकडे गृहगमन होते’ असं वाक्य आहे. ‘होमिंग’साठी (म्हणजे रक्तातून फिरणाऱ्या पेशीनं ठरावीक जागी जाणं) ‘गृहगमन’ बरोबर आहे का, आणि हे आपल्या बोलीत कसं सांगायचं?

आधी ‘श्लेष्मल’. नाक, श्वासनळ्या, आतडं यांचं आतलं ओलं, बुळबुळीत अस्तर. मूळ धातू ‘श्लिष्’, म्हणजे चिकटणं. संस्कृत ‘श्लेष्मन्’चं पालीत ‘सेम्ह’ झालं आणि आपल्या ओसरीवर येईस्तोवर ‘शेंबूड’. वर्गात श्लेष्मल ऐकून बिचकणारी पोरं शेंबूड म्हटलं की हसतात. शब्द एकाच घरातले.

‘केमोकाइन’ म्हणजे पेशींना बोलावणारं प्रथिन. हा शब्द आहे तसाच राहू द्या. तो १९९२ साली दोन शब्द कापून जोडलेला, आणि त्यातला ‘काइन’ ग्रीकमधल्या हालचालीच्या शब्दावरून आला, ज्यावरून ‘सिनेमा’ही आला. ‘सिनेमा’ तसाच वापरून आपलं काही अडलं नाही.

माझं भांडण आहे ते ‘गृहगमना’शी. टी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीचा जन्म हाडातल्या मगजात होतो, पण ही पेशी काही तिकडे परत जात नाही. जाते ती जिथलं काम शिकली त्या भागात. आतड्याजवळच्या लसिका गाठींमध्ये काही पेशी ‘अ’ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात. त्याच्या प्रभावाखाली शिकणाऱ्या टी-पेशीच्या अंगावर सीसीआर९ नावाचा ग्राही, म्हणजे बाहेरचा इशारा पकडणारं प्रथिन, येतो. लहान आतड्याचं अस्तर सीसीएल२५ हा केमोकाइन बनवतं, आणि सीसीआर९ नेमका तोच ओळखतो. मग पेशी रक्तातून कुठंही फिरो, आतड्याच्या रक्तवाहिनीपाशी आली की भिंतीवरून घरंगळायला लागते. केमोकाइनचा इशारा मिळाला की घट्ट चिकटते (पुन्हा ‘श्लिष्’!) आणि भिंतीतून पलीकडे उतरते.

आमच्याकडे संध्याकाळी गायकी ढोरं आखरावर आणून सोडतो. (गायकी म्हणजे गुराखी, गाण्याशी संबंध नाही. आखर म्हणजे ढोरं जमवायची जागा, कोठा म्हणजे गोठा.) पुढं कोणी हाकत नाही. कळप गावातून चालतो आणि एकेक गाय आपापल्या कोठ्याशी वळते. बाजारातून आणलेली गायसुद्धा काही दिवसांत वळायला लागते, जन्मगावाकडे पळत नाही. लहानपणी मी आमच्या गायक्याला विचारलं होतं, हिला घर कसं कळतं? तो म्हणाला, “ढेप कुठी भेटते थे तिले मालूम हाय.” गृहगमनात नेमकी हीच ढेप, म्हणजे पेंड, हरवली आहे. घर जन्माचं नव्हे, जिथं खाऊ घातलं ते.

म्हणून बोलताना मी म्हणेन, ‘पेशी आपला कोठा धरते’. लिहिताना ‘ठाणओढ’. ठाण ही जनावराची बांधायची जागा, आणि ओढ या शब्दात ओढणं आणि ओढ लागणं, दोन्ही येतात. केमोकाइन बाहेरून ओढतो, ग्राही आतून ओढ लावतो. ‘गमना’त यातलं काहीच नाही.

एका ठिकाणी मात्र माझी गाय थकते. आयजीए ही प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींवर सीसीआर१० हा ग्राही असतो, आणि त्याला बोलावणारा सीसीएल२८ मोठ्या आतड्यात मिळतो तसा लाळग्रंथींत मिळतो, दूध पाजणाऱ्या आईच्या स्तनातही मिळतो. म्हणजे एकाच पेशीला अनेक कोठे! आईच्या आतड्यानं ज्या जंतूंशी ओळख करून घेतली, त्यांच्यावरची प्रतिपिंडं त्यामुळं दुधातून बाळाच्या पोटात जातात. बाळ त्याच घरात रांगतं, तेच जंतू तोंडात घालतं. याला एकच शब्द मला सापडला नाही. ‘ठाण’चं अनेकवचन ‘ठाणं’ होतं, एवढ्यावर भागवू.

‘ग्राही’ला हात लावू नका, तो रुळला आहे. मुलीच्या वहीत असं लिहिता येईल : ‘केमोकाइन आणि त्यांचे ग्राही यांच्यामुळे पांढऱ्या पेशींना श्लेष्मल आवरणांची ठाणओढ लागते.’ परीक्षेत मात्र शेजारी ‘होमिंग’ लिहायला सांगा. तपासणारे हिंगणघाटचेच असतील असं नाही.