धंतोलीतल्या पाट्या वाचताना

भाऊ, नागपुरात नवीन आहेस म्हणून सांगतो. धंतोली-रामदासपेठेत एकेका इमारतीवर डॉक्टरांच्या दहा-दहा पाट्या दिसतील. नावापुढच्या डिग्र्यांच्या अक्षरांची लांबी पाहून भुलू नको.

एमबीबीएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. ताप-खोकल्याला तेवढं पुष्कळ आहे, उगाच स्पेशालिस्टची फी कशाला? पुढे तीन वर्षांचं एमडी किंवा एमएस. शस्त्रक्रियेची बाजू बहुतेक एमएसची. डीएनबी त्याच तोडीचं, कमी समजू नको. त्याही पुढे डीएम, एमसीएच: हृदय, किडनी, मेंदू असे खास विषय.

खरी गोम एमडीतच आहे. औषधोपचार करणारा एमडी मेडिसिन वेगळा, रक्त-लघवीच्या तपासण्यांचा एमडी पॅथॉलॉजी वेगळा, आणि बीएएमएसनंतरचा आयुर्वेदाचा एमडीही वेगळा. आयुर्वेदाचेच उपचार हवे असतील तर त्याच्याकडे बिनधास्त जा, पण आपण कोणाकडे चाललो ते माहीत असू दे. पाटीवर नुसतं ‘एमडी’ असेल तर कंपाउंडरला सरळ विचार, ‘कशात?’ फेलोशिपची, म्हणजे डिग्रीनंतरच्या जादा प्रशिक्षणाची, अक्षरंही जपून वाच. काही कोर्स थोड्या महिन्यांचे असतात.

औषधाच्या चिठ्ठीवरचा डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर बघत जा. एमबीबीएसवाल्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, तिथे नाव तपासता येतं.