सरकते दार की उघडते पल्ले? कपाटाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ठाण्यात आमची बेडरूम 10 बाय 11 फूट आहे. कपाटासाठी 7 फूट भिंत मिळते. 2 फूट खोल कपाट केलं तर पलंगापर्यंत 28 इंच उरतात. सुतार म्हणतात स्लायडिंग करा, जागा वाचेल. खरंच वाचते का?

उत्तर : तुमच्या मापात नाही वाचत. स्लायडिंगचे दोन पल्ले एकापुढे एक सरकतात आणि त्यांचे ट्रॅक कपाटाच्या आतल्या खोलपणातले 3 ते 4 इंच खातात. बाहेरून 24 इंच धरलं तर आत जेमतेम 20 उरतात. हँगरवरच्या शर्टाला बाह्यांसकट 21-22 इंच लागतात, म्हणजे बाह्या रोज दाराला घासणार. हे टाळायला कपाट 27 इंच खोल करावं लागतं आणि तुमचे 28 इंच 25 वर येतात. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट उघडतं.

तुम्ही उघडते पल्लेच घ्या, पण अरुंद. 7 फुटांत 21 इंचांचे चार करण्याऐवजी जवळपास 17 इंचांचे पाच करा : दोन जोड्या आणि एक सुटा. पल्ला उघडल्यावरही समोर 11 इंच मोकळे राहतात. 80 इंच उंच पल्ल्याला चार बिजागऱ्या हव्यातच. तीनवर भागवलं की वर्षभरात पल्ला खाली बसतो आणि शेजारच्याला घासतो. पलंग ते कपाट अंतर 24 इंचांपेक्षा कमी असतं, तर मात्र आम्हीही स्लायडिंगच सुचवलं असतं.

पल्ल्यामागे ड्रॉवर येणार असेल तर बिजागरीच्या बाजूला इंच-दीड इंचाची पट्टी मारून मगच ड्रॉवर सरकवणारं चॅनल बसवायला सांगा. ती नसेल तर ड्रॉवर अर्धवट उघडलेल्या पल्ल्याच्या कडेला अडतो, कडेचा मायका उडतो, आणि एकदा चॅनल बसल्यावर दुरुस्तीला सगळं खोलावं लागतं. ही चूक फार घरांत दिसते.

आतली विभागणी आधी कागदावर काढा. 7 फुटी कपाटात 4 इंचांचा पाया आणि वरखालचा प्लाय वजा जाता आत साधारण 78 इंच उंची मिळते. त्यात शर्ट-कुर्त्यांसाठी एकाखाली एक दोन दांड्या सहज बसतात. लांब ड्रेस, शेरवानी यांना एक खण 60 इंच मोकळा ठेवा. घडीच्या साड्यांचे खण 10-12 इंच उंचच ठेवा. त्याहून उंच खणात थप्पी वाढत जाते आणि खालच्या साड्यांच्या घड्या मोडतात.

प्रश्न : कारखान्यात तयार होणारं पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट स्वस्त पडतंय. घ्यावं का?

उत्तर : भाड्याच्या घरासाठी, कोरड्या खोलीत, चालेल. पण सोडून पुन्हा जोडायचं असेल तर स्क्रूची भोकं सैल होतात आणि बिजागरी उखडते. पाणी लागलं की कडा फुगतात, त्या पुन्हा बसत नाहीत. 2 फुटांहून लांब फळी पुस्तकांच्या किंवा चादरींच्या वजनाने वाकते.

स्वतःच्या घरात 18 मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) प्लाय वापरा. बाथरूमची भिंत लागून असेल तर आयएस 710 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन प्लाय. पल्ल्याला बाहेरून मायका आणि आतून नुसता रंग, असं कधीही करू नका. दोन बाजूंचा ताण सारखा राहत नाही आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. आतूनही मायकाच लावा.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. डांबराच्या गोळ्या ठेवूनही फरक नाही.

उत्तर : डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात, बुरशीला त्यांचा उपयोग नाही. आधी ओल कुठून येते ते बघा. कपाट सरकवा आणि मागच्या भिंतीवर 2 बाय 2 फुटांचं प्लास्टिक चारी कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर भिंत झिरपते आहे. पावसाळा संपल्यावर बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा बुजवल्याशिवाय दुसरा उपाय नाही. खोलीकडच्या बाजूला जमलं तर दमट हवा थंड भिंतीवर ओली होते आहे.

दुसऱ्या प्रकारात कपाट आतल्या भिंतीला न्या. ते शक्य नसेल तर मागे 2 इंच पोकळी सोडा आणि पाठीच्या फळीला वर-खाली जाळीची भोकं पाडा, हवा खेळली पाहिजे. वाळत घातलेले कपडे पूर्ण कोरडे होईपर्यंत आत ठेवू नका, इस्त्रीनंतरही दहा मिनिटं बाहेर राहू द्या. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मलमलच्या कापडात गुंडाळा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे तळाच्या खणातच ठेवा, कारण त्यात साचलेलं पाणी सांडलं तर कपड्यांवर डाग पडतात.