सब-एजंट जोडण्याआधी पासवर्ड बघ

तू विम्याच्या कामात हाताखाली सब-एजंट जोडायला लागलास, फार बरं वाटलं. पण ऑफिसात पोर्टलचा एकच पासवर्ड सगळे वापरतात ना? ते आजच बंद कर. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे, आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ते काढून टाक.

आमच्याकडे एका मुलाचा फोन चोरीला गेला होता. व्हॉट्सॲपवर ग्राहकांचे आधार, पॅन, मेडिकल रिपोर्ट, सगळं तसंच पडलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. लोक विश्वासाने घरातलं आजारपण सांगतात रे आपल्याला! तेव्हापासून कागद पोर्टलवर चढला की फोनमधून पुसायचा, हा आमचा नियम.

सायबर पॉलिसी, म्हणजे डेटाचोरी आणि ऑनलाइन फसवणुकीचा विमा, घेताना सब-एजंटची चूक त्यात धरली आहे का, खोट्या मेलला भुलून आपणच पाठवलेले पैसे मिळतात का, हे लेखी विचार. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसीच्या अर्जावर, नसलेली सुरक्षा 'आहे' म्हणून लिहू नकोस, क्लेम तिथेच अडतो. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. आणि पैसे गेलेच, तर आधी १९३०ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव.